‘प्रशिया’च्या पुढे काय? मिझुरी ते टेकलेनबुर्ग, सात दिवसांची दफ्तरयात्रा

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता जर्मन वंशाचे सुना-जावई आहेत. नातवंडांचा वंशवृक्ष काढायला बसलं की आपल्याकडची फांदी नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीपर्यंत पोचते. पलीकडची मात्र ‘पणजोबांचे आजोबा प्रशियातून आले’ या एका वाक्यावर अडते. त्या वाक्याच्या पुढे जाण्याचा हा मार्ग आहे. उदाहरणाला मिझुरी राज्यातली जर्मन वस्ती घेतली आहे, कारण ती ज्या गावांतून उठून आली ती बरीचशी एकाच टापूतली, प्रशियाच्या वेस्टफालिया प्रांताच्या उत्तर टोकाची, टेकलेनबुर्गच्या आसपासची.

पहिला दिवस: सेंट लुईस

सुरुवात जर्मनीत करायची नाही. जर्मनी नावाचा एकसंध देश १८७१ साली झाला; त्याआधी प्रशिया, हॅनोव्हर अशी वेगवेगळी राज्यं होती. सरकारी जन्ममृत्यू नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि सगळ्या साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून आली. त्याआधी बहुतेक ठिकाणी माणूस जन्मला, लग्न झालं, मेला, हे लिहिलं जाई ते त्याच्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या, वहीत. देशभराची एक सूची नाही. त्यामुळे गावाचं नाव हातात नसेल तर विमानाचं तिकीट काढू नये.

हे नाव बहुतेकजण जहाजांच्या प्रवासीयादीत शोधतात आणि तिथेच महिने घालवतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अमेरिकी याद्यांत नाव, वय, धंदा आणि देश एवढंच असतं. शिवाय रेल्वे येण्याआधी मिझुरीला जाणारे जर्मन न्यूयॉर्कपेक्षा न्यू ऑर्लिन्सला उतरून वाफेच्या बोटीने मिसिसिपीतून वर जात, तेव्हा न्यूयॉर्कच्या यादीत ते सापडायचेच नाहीत. नागरिकत्वाच्या कागदावर ‘प्रशियाच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो’ असं असतं, गाव नसतं. १८५० च्या जनगणनेत नुसतं ‘जर्मनी’. १८६० आणि १८७० मध्ये प्रशिया, हॅनोव्हर, बाडेन असं संस्थान मिळतं. तेवढंही कामाचं आहे, पण ते तालुका सांगत नाही.

गाव सांगते ती इकडच्याच चर्चची वही. म्हणून पहिला दिवस सेंट लुईस काउंटी लायब्ररीच्या वंशावळ विभागात. आसपासच्या कितीतरी जर्मन चर्चच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म तिथे आहेत. आधी पंथ ठरवावा लागतो, आणि तो आजच्या कुटुंबावरून ठरवू नये, कारण तीन-चार पिढ्यांत लोक मेथडिस्ट होतात, बॅप्टिस्ट होतात. जुन्या लग्नपत्रावर कोणत्या पाळकाची सही आहे आणि जुनी थडगी कोणत्या दफनभूमीत आहेत, यावरून ठरवावा.

मिझुरीत तीन मोठे प्रवाह. कॅथलिक. सॅक्सनीहून १८३८-३९ मध्ये आलेल्या गटाभोवती वाढलेले कडवे लुथरन, ज्यांची मिझुरी सिनॉड, म्हणजे चर्चसंघटना, १८४७ मध्ये शिकागोत स्थापन झाली. त्यांचं दफ्तर सेंट लुईसमधल्या कॉन्कॉर्डिया हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूटमध्ये. आणि तिसरे ‘इव्हँजेलिकल’. या शब्दाने फसू नये. आजच्या अमेरिकी राजकारणातल्या इव्हँजेलिकलांशी त्यांचा संबंध नाही. प्रशियाच्या राजाने १८१७ मध्ये लुथरन आणि रिफॉर्म्ड पंथ एकत्र आणले, त्या संयुक्त चर्चच्या परंपरेतली ही अमेरिकेतली संस्था. १८४० मध्ये सेंट लुईसजवळ ग्रॅव्हॉय इथे तिचा आरंभ झाला. १९३४ च्या आणि १९५७ च्या विलीनीकरणानंतर त्या मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये गेल्या. त्यामुळे पाटी बदललेल्या चर्चमध्ये जुनी वही शोधावी लागते. चर्च बंद पडलं असेल तर ईडन सेमिनरी या पाळक घडवणाऱ्या विद्यालयाच्या दफ्तराकडे आधी पत्र टाकावं.

दुसरा दिवस: मिझुरी नदीच्या उत्तर काठाने

सेंट लुईसहून पश्चिमेला गाडीने तास-सव्वा तास. फेम ओसेज, डुट्झो, मार्थासव्हिल. गॉटफ्रीड डुडेन नावाचा वकील १८२४ मध्ये इथे येऊन राहिला आणि परत गेल्यावर १८२९ मध्ये त्याने या प्रदेशाचं फार गोडगोड वर्णन छापलं. ते वाचून माणसं निघाली. आल्यावर जंगलतोड करताना अनेकांनी डुडेनला शिव्या दिल्या, पण तोवर गावं वसली होती.

चर्चमध्ये गेल्यावर बहुतेकजण बाप्तिस्म्याची वही मागतात. मागायची दफनाची. बाप्तिस्मे इकडे जन्मलेल्या मुलांचे, तिथे आईबापाचं मूळ गाव लिहायचं काही कारण नसतं. माणूस मेला की मात्र पाळक त्याचा सगळा पत्ता लिहितो. एक नमुन्याची नोंद अशी दिसते: गेलेल्याचं नाव, ‘गेबोरेन’ म्हणजे जन्म, लीनेन, ‘क्राइस’ म्हणजे तालुका टेकलेनबुर्ग, राज्य प्रशिया, मृत्यू ५ मार्च १८७१, वय ५३ वर्षं ९ महिने २० दिवस, आजार, दफनाची तारीख, मागे राहिलेली विधवा आणि किती मुलं.

यातलं वय सोन्यासारखं आहे, पण वजाबाकी जपून करावी. आधी वर्षं, मग महिने, मग दिवस वजा केले तर जन्म १६ मे १८१७ निघतो. आधी दिवस, मग महिने, मग वर्षं वजा केली तर १३ मे. पाळकाने कशी केली होती ते कळायला मार्ग नाही. म्हणून मूळ वहीत आठवडाभर मागेपुढे पाहायचं. तीन दिवसांचा फरक पडला म्हणून ‘हा आपला नव्हे’ असं म्हणून पान उलटणारे पुष्कळ आहेत.

पाळक स्वतः जर्मन होता ही दुसरी जमेची बाजू. इंग्रजी बोलणारा अमेरिकी कारकून कानावर पडेल तसं लिही. टेकलेनबुर्गचं ‘डेकलेनबर्ग’ होई, फोग्ट या आडनावाचा ‘फ’ कधी ‘व्ही’ने तर कधी ‘एफ’ने. पाळकाने लिहिलेलं गावाचं नाव सहसा बरोबर असतं. अडचण वेगळीच येते: तो गावाऐवजी वाडीचं नाव लिहून मोकळा होतो. ‘होल्परडोर्प’ वाचलं आणि त्या नावाचं चर्च शोधत बसलं तर मिळणार नाही, कारण होल्परडोर्प ही लीनेनची वाडी. चर्च लीनेनला.

आपल्या माणसाच्या नोंदीत गाव नसेल तर त्याचे भाऊ, बहिणी, मुलांचे धर्मपिता-धर्ममाता आणि शेजारच्या शेताचे मालक यांच्या दफननोंदी काढाव्यात. ही माणसं एकेकटी आली नाहीत. एका वाडीतला एक आला, त्याने पत्र धाडलं, मग मेहुणा आला, मग मेहुण्याचा शेजारी. ओहायोतलं न्यू नॉक्सव्हिल जवळजवळ असंच लाडबेर्गेनच्या लोकांनी वसवलं. चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँगचं आजोळ त्याच लाडबेर्गेनचं.

दुपारी दफनभूमी. जुने दगड चुनखडीचे, अक्षरं जर्मन आणि झिजलेली. वायरब्रश, ब्लीच, दाढीचा फेस यातलं काहीही लावू नये. फेसातली रसायनं दगडात मुरतात. साधं पाणी, मऊ ब्रश आणि आरसा पुरे. आरशाने ऊन बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर पाडलं की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि मजकूर वर येतो. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर आरशाचीही गरज पडत नाही.

तिसरा दिवस: विमानात मोडीचे धडे

निघण्याआधी मायर्सचा कोश उघडायचा. १९१२ सालचा जर्मन साम्राज्याचा हा स्थलकोश पूर्ण ऑनलाइन आहे. वाडीचं नाव घातलं की जिल्हा, तालुका आणि तिथे चर्च आहे की नाही, असल्यास कोणत्या पंथाचं, हे कळतं. एकाच नावाची गावं ढिगाने निघतात. नॉयश्टाट म्हणजे आपलं वडगाव समजा. म्हणून तालुक्याचं नाव नसेल तर घाई करू नये. ‘हॅनोव्हर’ लिहिलं असेल तर बहुतेक वेळा ते शहर नसून राज्य असतं, हेही लक्षात ठेवावं.

उरलेले तास लिपीसाठी. जुन्या जर्मन वह्या ‘कुरेंट’ या धावत्या लिपीत आहेत, आणि आजच्या जर्मन माणसाची तिच्यापुढे तीच गत होते जी आपली मोडीपुढे होते. भाषा आपली, पण पेशवे दफ्तरातला रुमाल सोडला की एक ओळ लागत नाही. शाळांत कुरेंट शिकवणं १९४१ च्या सरकारी हुकमाने बंद झालं.

घोळ कुठे होतो ते सांगतो. ‘ई’ दोन उभ्या काड्यांचा, म्हणजे हुबेहूब ‘एन’सारखा. ‘यू’सुद्धा दोन काड्यांचाच, म्हणून त्याच्या डोक्यावर अर्धचंद्र देतात, तो अर्धचंद्र नसेल तर तो ‘एन’. ‘एच’ला वर एक आणि खाली एक असा फास. शब्दाच्या मधला ‘एस’ लांब काठीसारखा, ‘एफ’ समजून फसायला होतं. अक्षरं पाठ करण्यापेक्षा पन्नास शब्द स्वतःच्या हाताने पेनने लिहून काढले तर वाचन लवकर जमतं, मोडीच्या वर्गात गिरवायला लावतात तसंच. दिलासा एवढाच की बरेच पाळक माणसांची नावं लॅटिन वळणात लिहीत आणि बाकी मजकूर कुरेंटमध्ये. नावं बाळबोध, उरलेलं मोडी.

तारखांचा एक सापळा मराठी माणसाला चटकन कळेल. आकडा ७ आणि त्याला चिकटून ‘बर’ असं लिहिलं असेल तर तो जुलै नव्हे. सप्त, अष्ट, नव, दश: ७ म्हणजे सप्टेंबर, ८ ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा एक्स असेल तर डिसेंबर.

चौथा दिवस: ब्रेमरहाफेन

ब्रेमेन शहराचं हे वेझर नदीच्या मुखावरचं बंदर, पण इथे शोधायला जवळजवळ काही नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. ब्रेमेनच्या सरकारने १८३२ पासून जहाजमालकांना प्रवाशांच्या याद्या करायला लावल्या. पण जागा पुरत नाही म्हणून १८७५ च्या सुमारास जुन्या याद्या रद्दीत काढल्या आणि पुढच्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या. उरल्या त्या १९२० ते १९३९ मधल्या काही. त्या ऑनलाइन आहेत. हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ च्या याद्या मात्र टिकल्या. पण वेस्टफालियाचा माणूस हॅम्बुर्गला कशाला जाईल, त्याला वेझर नदीचं तोंड जवळ.

तरी एक दिवस द्यावा. २००५ मध्ये उघडलेलं स्थलांतरितांचं संग्रहालय नव्या गोदीवर आहे. आत जाताना एका खऱ्या प्रवाशाची माहिती असलेलं बोर्डिंग कार्ड हातात मिळतं. या बंदरातून सत्तर लाखांवर माणसं गेली. ब्रेमेनहून रेल्वे इथे १८६२ मध्ये आली. त्याआधीचे लोक नदीतून होड्यांनी येत आणि वाऱ्याची वाट पाहत थांबत.

पाचवा दिवस: ओस्नाब्रुक, मग लीनेन

ओस्नाब्रुकला गाडी बदलताना एक आठवण करायची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ संस्कृत शिकवणारे आणि पतंजलीच्या महाभाष्याची संपादित आवृत्ती काढणारे फ्रान्झ कीलहॉर्न १८४० मध्ये याच शहरात जन्मले.

इथून म्युन्स्टरकडे जाणारी पॅसेंजर गाडी कॅटनफेनला थांबते. ते लीनेनचं स्टेशन, पण लीनेन गाव काही किलोमीटर लांब, डोंगराच्या पायथ्याशी. सायकल नेता आली तर उत्तम. वाटेत एक गोष्ट डोळ्यांनी दिसते जी नकाशावर कळत नाही: घरं गावठाणात नाहीत, शेताशेतांत सुटी सुटी आहेत. प्रत्येक शेताला नाव, आणि शेत मुलांत वाटलं जात नसे, सगळं एकाला. उरलेले भाऊ त्याच्याकडे किंवा दुसऱ्या मालकाकडे कूळ म्हणून राहत. या कुळाला ‘हॉयरलिंग’ म्हणत. खोपट आणि थोडी जमीन भाड्याने, शिवाय मालक बोलावेल तेव्हा कामाला हजर. जोडीला जवसाच्या धाग्याचं, म्हणजे लिननचं, सूत कातायचं आणि उन्हाळ्यात हॉलंडला गवत कापायला जायचं. यंत्राचं सूत आलं, कताई बुडाली, आणि अमेरिकेची पत्रं येऊ लागली.

हे कशाला सांगायचं? कारण वहीत बापाच्या नावापुढे ‘कोलोन’ असेल तर तो शेताचा धनी, ‘हॉयरलिंग’ असेल तर कूळ, आणि त्यावर पुढचा शोध अवलंबून असतो. धनी असेल तर त्याच्या शेताचे कागद शतकं मागे जातात. कूळ दर काही वर्षांनी वाडी बदलतो, कधी पॅरिशही बदलतो, आणि मग त्याच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे तीन वह्यांत विखुरतात.

शेताच्या नावाची आणखी एक गंमत, खरं तर डोकेदुखी. शेताची वारस मुलगी असली की लग्न करून येणारा नवरा शेताचं नाव घेई. घरजावयाचं आडनावच बदलायचं! मुलांचं आडनाव तेच, आणि विधवेने दुसरं लग्न केलं तर दुसऱ्या नवऱ्याचंही तेच. वहीत ‘गेनांट’ हा शब्द, म्हणजे ‘उर्फ’, दिसला की थांबावं. बापाचं जन्माचं आडनाव ‘गेनांट’च्या आधी असतं. हे माहीत नसल्यामुळे अमेरिकेत दोन सख्खे भाऊ दोन वेगळी घराणी समजली गेल्याची उदाहरणं आहेत.

लीनेनच्या दफनभूमीत पूर्वजाचं थडगं शोधू नये. जर्मनीत कबरीची जागा भाड्याने असते, साधारण वीस-तीस वर्षं. मुदत वाढवली नाही की दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. एकोणिसाव्या शतकातला कूळ कुठे पुरला ते आता फक्त वही सांगते. चर्चच्या कार्यालयातही न कळवता जाऊ नये. लहान पॅरिशचं कार्यालय आठवड्यातून थोडेच तास उघडं असतं, आणि जुन्या वह्या बहुधा तिथे नसतात.

सहावा दिवस: बीलेफेल्ड

वह्यांचा खरा मुक्काम इथे. वेस्टफालियाच्या प्रोटेस्टंट चर्चचं मध्यवर्ती दफ्तर शहराच्या बेथेल भागात आहे. मुख्य स्टेशनवरून १ नंबरची ट्राम जाते. वाचनकक्षात जागा आधी राखून ठेवावी. पण कोणत्या दफ्तरात जायचं ते पंथावर आणि जुन्या सरहद्दीवर ठरतं. टेकलेनबुर्ग तालुक्यातला प्रोटेस्टंट असेल तर बीलेफेल्ड. कॅथलिक असेल तर म्युन्स्टरच्या धर्मप्रांताचं दफ्तर, आणि त्या वह्या मात्रिकुला या संकेतस्थळावर फुकट दिसतात. लिप्पे संस्थानातला असेल तर त्यांचं चर्च वेगळं, दफ्तर डेटमोल्डला. आणि लीनेनच्या कुंपणापलीकडचं ग्लांडोर्फ तर वेगळ्याच राज्यात, हॅनोव्हरमध्ये.

प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्खिऑन हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, ठरावीक मुदतीचा पास विकत घेऊन वापरायचं. मग यायचं कशाला? कारण तिथे बहुतेक वह्यांत नाव टाकून शोध लागत नाही. पानं एकेक उलटावी लागतात, आणि अडलेला शब्द दाखवायला शेजारी कोणी नसतं. वाचनकक्षात चार टेबलं पलीकडे बसलेले निवृत्त गृहस्थ तो शब्द तीन सेकंदांत वाचून देतात.

काम या क्रमाने करावं. आधी वहीच्या मागची नावसूची; असतेच असं नाही, आणि असली तर कधी आडनावाने, कधी पहिल्या नावाने लावलेली. मग अंदाजे जन्मतारखेच्या अलीकडेपलीकडे बाप्तिस्मे. सापडला की लगेच उठू नये. ‘योहान हाइनरिख’ एका वर्षात एका पॅरिशमध्ये चार निघतील. एका घरातले सगळे मुलगे ‘योहान’ असतात, हाक मारायचं नाव दुसरं. अमेरिकेत तो हेन्री होतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. नाव जुळलं, तारीख जुळली, आईबाप जुळले, आनंदात फोटो काढला, घरी आलो. आणि त्याच मुलाची दफननोंद दोन वर्षांनंतरच्या पानावर तशीच राहिली. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची पद्धत होती. म्हणून बाप्तिस्मा सापडल्यावर त्या नावाची दफननोंद पुढची चौदा वर्षं तपासायची आणि चौदाव्या वर्षी दृढीकरणाच्या, म्हणजे मुलाला चर्चचा पूर्ण सभासद करण्याच्या विधीच्या, यादीत तो मुलगा आहे का ते पाहायचं. दृढीकरणाला पोचला म्हणजे जगला. त्यानंतर त्याच वहीत त्याचं लग्न आणि दफन नसणं हाही पुरावाच, गाव सोडून गेल्याचा.

मग आईबापाचं लग्न, तिथे दोघांच्या बापांची नावं, आणि एक पिढी मागे. असं करत सहसा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जाता येतं. त्याआधी तीस वर्षांचं युद्ध आडवं येतं, १६१८ ते १६४८. प्रत्येक नोंदीखाली चर्च, वहीचा प्रकार, वर्ष, पान आणि नोंदक्रमांक त्याच क्षणी लिहावा. नुसता फोटो घरी गेल्यावर अनाथ होतो.

सातवा दिवस: डेटमोल्ड

सरकारी दफ्तर. १८७४ नंतरची सरकारी नोंदणी इथे आहे. जन्म ११० वर्षांनी, लग्न ८० वर्षांनी आणि मृत्यू ३० वर्षांनी खुले होतात. त्याशिवाय १८१५ ते १८७४ या काळातल्या चर्चच्या वह्यांच्या दुसऱ्या प्रती. प्रशियाच्या कायद्याप्रमाणे पाळकाने वर्षअखेरीस वहीची नक्कल करून कोर्टात द्यायची असे. मूळ वही जळली, भिजली, उंदरांनी खाल्ली तर हीच आधार. अक्षरही बरेचदा सुवाच्य.

पण नकलेवर थांबू नये. नक्कल डिसेंबरअखेर कोर्टात गेली की पाळकाचा तिच्याशी संबंध संपला. मूळ वही त्याच्या टेबलावर राहिली, आणि पुढे वीस वर्षांनी तोच मुलगा दाखला मागायला आला तेव्हा त्याने जुनं पान उघडून समासात, वेगळ्या शाईने, दोन शब्द लिहिले तर लिहिले: ‘नाख आमेरिका’. अमेरिकेला. डेटमोल्डच्या प्रतीत तो समास कोरा असतो. म्हणून परतीचं तिकीट बीलेफेल्डवरून काढावं आणि बाप्तिस्म्याचं पान पुन्हा एकदा मागून घ्यावं.